घरातल्या रोजच्या कामांचे फोटो: एप्रिल ते ऑगस्टच्या नोंदी

६ एप्रिल

ठरलं एकदाचं. गणपतीला सगळे सांगलीला घरी जमतात, तोपर्यंत घरातल्या रोजच्या कामांचे फोटो काढायचे आणि त्याचा एक छापील अल्बम करून सोप्यात ठेवायचा. लग्न, बारसं, वाढदिवस यातलं काहीही नाही. चहा, भांडी, वाळवण, शेजारच्या म्हशी, पेपर वाचणारे बाबा, एवढंच.

कॅमेरा आहे तोच, निकॉन डी ५६००, सोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स आणि ३५ एमएम एफ १.८ ची एक छोटी लेन्स (एफ म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं, आकडा लहान तितकं तोंड मोठं आणि उजेड जास्त). नवीन काही घ्यायचं नाही. ट्रायपॉड पण नको, ट्रायपॉड उभा केला की घरातले सगळे सावध होतात आणि मग जे पाहिजे ते मिळतच नाही. फ्लॅश बंद. कुणाला "इकडं बघ" म्हणायचं नाही. रॉ (कॅमेऱ्याने काही न वगळलेली कच्ची फाईल) आणि जेपेग दोन्ही ठेवतोय, एक रॉ फाईल साधारण २५ एमबी होते पण अंधाऱ्या कोपऱ्यातला फोटो नंतर उजळायचा तर रॉच लागतो, जेपेग करताना कॅमेऱ्याने सावलीतला बराच तपशील आधीच टाकून दिलेला असतो.

९ एप्रिल

आज कॅमेरा कपाटातच. नुसतं घर फिरलो, सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला, आणि उजेड कुठून येतो ते वहीत लिहिलं. यासाठी सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे आपला हात. तळहात डोळ्यासमोर धरायचा आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरायचं. खिडकीकडे तोंड असलं की हात सपाट दिसतो, रेषा गायब. खिडकी बाजूला आली की एकेक रेष, नखांच्या कडा, शिरा सगळं उठून येतं. खिडकी पाठीमागे गेली की हात काळा आणि कडेला नुसती उजेडाची रेघ. माणसाच्या चेहऱ्याचं पण हेच होतं, त्यामुळे कुणालाही त्रास न देता आधीच कळतं की इथे उभं राहून काढला तर काय येणार.

घराचा हिशोब असा निघाला: स्वयंपाकघर पूर्वेला, साडेसातपासून नऊपर्यंत ओट्यावर तिरका उजेड. सोपा दिवसभर बरा. माजघरात खिडकी नाही पण छपराला एक काचेचं कौल आहे, त्यातून अकरा ते एकच्या दरम्यान उजेडाचा एक पट्टा खाली येतो आणि जमिनीवरून सरकत जातो. परड्यात संध्याकाळी पाच नंतर. बाकी वेळी अंधार, आणि अंधारात काढायचंच नाही असं नाही, पण ते पुढं.

१३ एप्रिल

कुरडया! तीन दिवस भिजलेला गहू, काल वाटून चीक बसवला, आज पहाटे शिजवला आणि सात वाजता आई, आत्या आणि शेजारच्या काकू सोऱ्या घेऊन गच्चीवर. मी वर गेलो तर काकू म्हणाल्या, "फोटो काय काढतोस रं, ये की सोऱ्या दाब जरा." दाबला. मग काढले.

हा प्रसंग एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ घ्यायचा ते, शिकायला फार चांगला आहे कारण सगळंच पांढरं. पांढरं धोतर अंथरलेलं, त्यावर पांढऱ्या ओल्या कुरडया, वर ऊन. कॅमेऱ्याचा मीटर असा बनवलेला असतो की जे समोर दिसतंय ते सरासरी मध्यम करड्या रंगाचं आहे असं तो धरून चालतो. त्याला काय माहीत की हे धोतर आहे. तो ते धोतर करड्या रंगावर आणून ठेवतो आणि फोटो मळकट येतो, कुरडया जुन्या चुन्यासारख्या. उपाय म्हणजे शटरच्या बटणाजवळचं प्लस मायनसचं बटण दाबून प्लस १ किंवा प्लस १.३ करायचं. प्लस १ म्हणजे दुप्पट उजेड. मग पांढरं पांढरं दिसतं. पण फार वाढवलं की कुरडईच्या तारा एकमेकीत मिसळून नुसता पांढरा गोळा होतो, म्हणून प्लेबॅकमध्ये हायलाइट लुकलुकणारा डिस्प्ले चालू करून ठेवलाय, जिथे लुकलुकतं तिथे तपशील गेला. धोतराच्या कडेला थोडं लुकलुकलं तर चालेल, कुरडईत नको.

एफ ५.६, १/२५० (शटर सेकंदाचा एवढाच भाग उघडं), आयएसओ (कॅमेरा उजेड किती वाढवून घेतो ते) १०० च्या आसपास, सव्वासातचं ऊन.

अजून एक गोष्ट बघितली आणि फार आवडली. आई धोतरावर वाकून बसली होती, डोक्यावर पदर, म्हणजे खरं तर चेहरा पूर्ण सावलीत जायला पाहिजे. पण खालच्या धोतरावर पडलेलं ऊन वर उडत होतं आणि हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा खालून मऊ उजळला होता. स्टुडिओवाले यासाठी रिफ्लेक्टर धरतात, इथे वाळवणाचं धोतरच ते काम करतं. ज्यांच्या घरी गच्चीवर पापड कुरडया घालतात त्यांनी यंदा हे बघाच, सकाळी आठच्या आत, नंतर ऊन डोक्यावर येतं आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात.

२७ एप्रिल

शेजारचा गोठा. आज उलटं. काळी म्हैस, काळोखा गोठा, दारातून येणारा उजेड. मीटरला वाटतं फार अंधार आहे, तो उजळायला जातो आणि म्हैस राखाडी होते, दारातलं ऊन पांढरंफटक. मायनस १ केलं की म्हैस काळीभोर आणि पाठीवरच्या केसांवर उजेडाची कड. म्हणजे लक्षात ठेवायला एवढंच की पांढऱ्याला प्लस, काळ्याला मायनस. सुरुवातीला हे उलटं वाटतं, पांढरं आहे तर कमी करायला पाहिजे असं मन म्हणतं, पण मीटर कसा विचार करतो ते डोक्यात बसलं की आपोआप अंगठा बरोबर फिरतो.

३५ ची लेन्स एफ १.८ वर, १/१२५, आयएसओ ३२००. किट लेन्स ५५ ला नेली की एफ ५.६ वर जाते, म्हणजे १.८ च्या मानाने जवळपास दहावा हिस्सा उजेड, तिने हा फोटो हातात धरून निघालाच नसता. आयएसओ ३२०० ला दाणे दिसतात. दिसू देत. दाणेदार फोटो छापला की कुणाच्या लक्षातही येत नाही, हललेला फोटो मात्र पोस्टकार्डाएवढा छापला तरी हललेलाच.

मालक म्हणाले शेणाचा पण काढा की, रोजचं काम तेच हाय. काढला. चांगला आलाय.

५ मे

भाचा सुट्टीला आलाय. घरात आंब्याचा वास आणि पळापळ.

शटरचे आकडे एकदाचे लिहून ठेवतो. १/५० ला मी स्वतः स्थिर राहू शकतो, ३५ ची लेन्स या कॅमेऱ्यावर ५२ सारखी चालते आणि जुना हिशोब असा की लेन्सचा आकडा जेवढा तेवढ्याव्या भागाच्या सेकंदापेक्षा सावकाश शटर हातात धरून नको. पण हा हिशोब फक्त आपल्या हाताचा. समोरचा माणूस हलतो त्याचं काय? गप्पा मारत बसलेल्याला १/१२५ पुरतो. पोळी लाटणारे हात, कांदा चिरणं, धुणं पिळणं याला १/२५०, आणि तिथे पण बोटं थोडी हललेली दिसली तर बरंच वाटतं, काम चालू आहे हे कळतं. पळणारं पोरगं १/५०० च्या खाली नाही.

दर वेळी हे बदलत बसलं तर क्षण जातो म्हणून ए मोड (अॅपर्चर, म्हणजे एफचा आकडा मी ठरवायचा, शटर कॅमेऱ्याने), ऑटो आयएसओ चालू, जास्तीत जास्त ६४००, कमीत कमी शटर १/२५०. मग मी फक्त अॅपर्चर आणि प्लस मायनस बघतो, बाकी कॅमेरा. उजेड फारच कमी झाला आणि आयएसओ ६४०० ला टेकला तर शटर आपोआप खाली येतो, ते व्ह्यूफाइंडरमध्ये आकडा बघत राहायचं. पूर्ण मॅन्युअलमध्ये काढलं तरच खरं असं काही लोक म्हणतात, मला पटत नाही. पोरगं आंब्याची कोय चोखत दारातून परड्यात गेलं, सावलीतून उन्हात, तेवढ्यात तीनदा आकडे कोण फिरवणार.

आणि खाली बसायचं. पोरांचा फोटो पोरांच्या उंचीवरून. या कॅमेऱ्याचा स्क्रीन बाहेर उघडतो तर गुडघ्यावर धरून पण निघतो.

११ मे

संध्याकाळचं स्वयंपाकघर. खिडकीतून निळसर उजेड, वर ट्यूब, गॅसवर पिवळा बल्ब. तीन रंगांचे तीन उजेड एका चेहऱ्यावर. व्हाइट बॅलन्स (कुठल्या रंगाचा उजेड पांढरा धरायचा ते) कशालाही लावा, काहीतरी बिघडतंच, बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका पिवळा), दिवसाचं ऊन ५२०० च्या आसपास, सावली त्याच्याही वर. दोन्ही एकदम बरोबर करता येत नाहीत. म्हणून दिवा बंद करणे हाच व्हाइट बॅलन्स. ट्यूब बंद केली तर आई म्हणाली, "अरे अंधारात मीठ समजून साखर टाकीन मी." मग तडजोड अशी की ट्यूब बंद, बल्ब चालू, नंतर लॅपटॉपवर रॉ फाईल बल्बच्या जवळपास ३५०० केल्विनला, खिडकी निळी दिसते ती दिसू दे. दिवेलागणीची वेळ आहे हे त्या निळ्यावरूनच कळतं.

ट्यूबखाली काढायचंच झालं तर १/५० किंवा १/१००. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी ट्यूब आणि बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. १/१०० मध्ये एक पूर्ण लपका येतो, १/५० मध्ये दोन. १/५०० ठेवलं की एक फोटो उजळ, एक काळपट, एकात अर्ध्या फ्रेमवर पिवळा पट्टा. कॅमेरा बिघडला म्हणून दुकानात घेऊन जाणारी माणसं मी बघितलीत, बिघडलेलं काही नसतं.

१८ मे

आज लिहिलंच पाहिजे की हे सगळं का चाललंय.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या सोप्यात पाणी होतं आणि खालच्या कपाटातले अल्बम गेले. चिकट पानांचे अल्बम होते, फोटो प्लॅस्टिकला चिकटून रंग सुटला. नंतर नातेवाईकांकडून जे जे मिळालं ते स्कॅन करून आणलं, आणि मिळालं काय तर लग्नातले रांगेत उभे राहिलेले फोटो, कारण त्याच्याच कॉप्या सगळ्यांना वाटल्या जातात. आजीचे असे मिळून चिक्कार फोटो आहेत. सगळ्यात ती जरीचं लुगडं नेसून समोर बघत उभी आहे. पण ती रोज चुलीपुढे ज्या पाटावर बसायची तो पाट, मागची फळी, फळीवरचे पितळी डबे, भिंतीवरचं कॅलेंडर, यातलं काही कुठेच नाही. एका फोटोत कडेला चुकून आलेलं जातं आहे, अर्धं. त्या अर्ध्या जात्यावर आम्ही भावंडं तासभर बोललो.

म्हणून माझं आता ठाम मत झालंय की घरातल्या फोटोत मागचं धूसर करायचा हट्ट सोडून द्यावा. एफ १.८ ला चेहरा तेवढा शार्प आणि मागे लोण्यासारखं सगळं, ते दिसायला सुंदर असतं, मान्य, पण वीस वर्षांनी आपण जे शोधणार आहोत ते नेमकं त्या धूसर भागात असतं. मिक्सर कुठला होता, चहाची पावडर कुठल्या डब्यात होती, दाराला कुठला रंग होता. तेव्हा उजेड पुरतोय तिथे एफ ४ किंवा ५.६, आणि एक पाऊल मागे. गोठ्यासारखा अंधार असेल तरच १.८, ते पण उजेडासाठी.

आणि फोटो काढायच्या आधी ओटा आवरायचा नाही. आई आवरायला धावते, तिला थांबवायला लागतं. काल सकाळचा फोटो बघा: आठ वाजता, एफ ४, १/१२५, आयएसओ १६००, आई चहा गाळतेय, गाळणीच्या दांड्याला बांधलेला दोरा दिसतोय कारण दांडा तुटलाय, मागे खिडकीच्या गजाला अडकवलेली कढीपत्त्याची डहाळी, शेजारी गॅसचं कार्ड आणि त्यावर तारीख लिहिलेली. हा फोटो मला या सगळ्यातला सर्वात मोलाचा वाटतो.

१ जून

निवड. दर रविवारी आठवड्याचे फोटो बघायचे आणि एका कामाचा एकच ठेवायचा, फार तर दोन. डोळे मिटलेले, हललेले आधी उडवायचे, मग उरलेल्यात हात कशात चांगले दिसतात ते बघायचं. चेहरा सगळ्यांनाच नीट जमतो, हात बघा.

१४ जून

पाऊस लागला. घरात दिवसा पण काळोख, पण बाहेरचा उजेड अप्रतिम, ढग म्हणजे आभाळभर पांढरा पडदा, सावली मऊ, लाल कौलं आणि हिरवं परडं दोन्हीचे रंग ओले असल्यामुळे गडद. या दिवसांत आभाळ फ्रेममध्ये घ्यायचं नाही, ते पांढरंफेक येतं आणि त्याला बघून मीटर खालचं सगळं काळं करतो. घ्यायचंच झालं तर प्लस ०.७.

दमट हवेत लेन्सला बुरशी धरते, आतल्या काचेवर जाळं दिसायला लागलं की मग साफ करायला लेन्स खोलावीच लागते. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल, वर कॅमेरा. निळे खडे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर गरम करून परत निळे होतात (ती कढई वेगळी ठेवा, खायच्या पदार्थाला वापरू नका, आणि खिडकी उघडी ठेवा). तांदळात कॅमेरा ठेवू नका, त्याचा भुसा रिंगमध्ये जातो. चामड्याच्या केसमध्ये तर पावसाळ्यात अजिबात नको, बुरशी तिथूनच सुरू होते. आणि रोज वापरा, वापरातल्या लेन्सला सहसा काही होत नाही.

१२ जुलै

बेंदूर झाला. मातीचे बैल अजून देवघरापुढं. जवळून काढताना एफ १.८ ला बैलाचं नाक शार्प आणि शिंग धूसर होतं, एवढ्या जवळून फोकसची जाडी बोटाच्या पेरापेक्षा कमी होते, म्हणून एफ ८ आणि खिडकीशी नेऊन.

समईच्या उजेडात आत्या हात जोडून, हा मात्र १.८ ला. स्पॉट मीटरिंग (एकाच ठिपक्यावरचा उजेड मोजणं) गालावर, मायनस १, नाहीतर कॅमेरा रात्रीचा दिवस करतो. पिवळा रंग काढायचा नाही, ज्योतीचा उजेड पिवळाच असतो, ऑटो व्हाइट बॅलन्सला तो पांढरा करायचा नाद आहे, म्हणून ऑटो सोडून कॅमेरा इन्कॅन्डेसंटवर, म्हणजे बल्बच्या सेटिंगवर, बांधून टाकला.

२७ जुलै

कृष्णेचं पाणी वाढलं की अख्खी सांगली आयर्विन पुलावर. १९२९ चा पूल, इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५, आणि हे आकडे इथल्या शाळकरी पोरांना पण पाठ. सगळ्यांचे मोबाईल पाण्याकडे. मी कठड्याला पाठ लावून माणसं काढली. बाबा आकडा बघून गप्प उभे, शेजारी एक आजोबा कुणाला तरी फोनवर "अजून लांब हाय, काळजी करू नको" सांगतायत. पाण्याचा फोटो दरवर्षी तसाच येतो, पाणी बघणाऱ्या माणसाच्या तोंडावर यंदाचं काय ते दिसतं. १८-५५ ची लेन्स २४ वर, एफ ५.६, प्लस ०.७, पाऊस आला की कॅमेऱ्यावर दुधाची पिशवी.

१० ऑगस्ट

छपाई. फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा आहे, ४ बाय ६ इंच प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १८०० बाय १२०० पुरतात, म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेल. त्यामुळे थोडा कडेने कापला तरी काही बिघडत नाही, आणि घरात कुणाकडे जुना १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा पडला असेल तर तो बिनधास्त काढा, अल्बमला भरपूर आहे.

कागदावर फोटो स्क्रीनपेक्षा काळपट येतो, कारण स्क्रीन स्वतः उजेड फेकतो. लॅपटॉपचा ब्राइटनेस निम्मा केला आणि मग फोटो उजळले, आधी थोडे नमुन्याला छापून आणले, गोठा आणि समई अजून अर्धा स्टॉप (प्लस ०.५ एवढे) वर नेले. चिकट पानांचा अल्बम नको, कोपऱ्यात खोचायचा कागदी घेतला आणि फोटोखाली तारीख, काम, कोण हे पेनाने, आईच्या अक्षरात.

फाईलच्या तीन कॉप्या: लॅपटॉप, माडीवरच्या कपाटातली हार्ड डिस्क, आणि एक डिस्क बहिणीकडे पुण्याला. नदी तिथे पोचत नाही.

२४ ऑगस्ट

अल्बमची शेवटची चार पानं मुद्दाम रिकामी ठेवलीत, मोदकांसाठी. वाफ दिसायची तर उजेड वाफेच्या पाठीमागून पाहिजे आणि तिच्या मागे काहीतरी काळं, म्हणून मोदकपात्र खिडकीकडच्या शेगडीवर आणि मी ओट्याच्या या टोकाला, मागे काळ्या कडाप्प्याची फळी येते. एफ ४, १/२५०, मायनस ०.७, झाकण उघडायच्या आधीच फोकस करून ठेवायचा. आईने मान्य केलंय. आत्याला खिडकीपुढून सरकायला कोण सांगणार ते अजून ठरायचंय, बहीण म्हणतेय मी सांगते.